सेवाग्राम : हात पोहोचेल तेवढं घर

वर्ध्याहून सेवाग्राम आठेक किलोमीटर. पवनार, गोपुरी, मगन संग्रहालय त्याच दिवशी झालं. पण मनात राहिली ती बापू कुटीतली गांधीजींची लिहायची जागा.

खुर्ची नाही, टेबल नाही. जमिनीवर बैठक, पाठीला भिंतीशी टेकवलेली फळी, पुढ्यात बुटकं मेज. लागणारी प्रत्येक वस्तू बसल्या जागेवरून हाताला यावी, अशीच मांडणी. सोमवार मौनाचा, म्हणून ‘हरिजन’ साप्ताहिकाचे लेख आणि तुंबलेली पत्रं त्या दिवशी. कागद बहुतेक पाठकोरे, पाकिटंसुद्धा उलगडून वापरलेली. उजवा हात दुखला की लेखणी डाव्या हातात. टपाल इतकं, की सेगावची (सेवाग्रामचं जुनं नाव) पत्रं भलतीकडे शेगावला जाऊ लागली. १९४० साली गावाचं नाव बदलण्यामागे हा घोळ होता. शेजारी साप धरायचा चिमटा आणि पिंजराही दिसतो. साप मारायचा नाही, दूर नेऊन सोडायचा.

बहुतेक लोक फोटो काढून पाच मिनिटांत बाहेर पडतात. भिंतीला पाठ टेकतात, कुणी नखाने माती कोरतो. याचा मनापासून राग येतो, कारण मातीची भिंत दरवर्षी नव्याने राखावी लागते. छपाईला, म्हणजे भिंत लिंपायला, गावठाणातली पांढरी माती हवी. शेतातली काळी पाण्याने फुगते, वाळली की भेगाळते. चाळलेल्या मातीत गव्हाचा भुसा आणि शेण घालून गारा चांगला मुरू द्यायचा, मग पायाने तुडवायचा. कच्चा गारा भिंतीवरून सोलून निघतो. सारवणाला शेण ताजंच हवं, आणि थर पातळ. जाड थराचे पोपडे सुटतात. डोक्याचं तेल लागलेल्या जागी तर नवा हात धरतच नाही. मृगाआधी कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायचे, कारण वानरं ते सरकवतात आणि एका फटीतून आलेलं पाणी आख्खी भिंत खाली बसवतं. आजूबाजूच्या गावांत मातीच्या भिंतीवर सिमेंट थापलेलं दिसतं. ओल आत कोंडते, बुडाची माती भुसभुशीत होते आणि दोन-चार पावसाळ्यांत पत्र्यासारखा गिलावा सुटून पडतो. हे करू नका, खरंच.

२५ ऑगस्ट १९४६ला बापू इथून गेले ते परत आले नाहीत. कुटी उभी आहे ती फडक्याने पातळ मातीचा पोतारा फिरवणाऱ्या हातांमुळे.

गांधीजींच्या शिष्या मीराबहननी कुटीच्या भिंतीवर मातीतच ॐ, ताडाची झाडं आणि चरखा उठवला आहे. अशा उठावावर पोतारा सरसकट फिरवला तर कडा बुजतात. तिथे फडकं बाजूला ठेवून बोटाच्या टोकानेच, ताडाच्या एकेका पानाच्या कडेकडेने जावं लागतं.