एलनची क्रियापदं : सहावं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून

अमेरिकेतल्या जॉर्जियातून वेश पालटून पळालेल्या एलन आणि विल्यम क्राफ्ट या गुलाम जोडप्यावर मी मराठीत कादंबरी लिहिते आहे. मागच्या नोंदीत मोठ्या आनंदाने लिहिलं होतं की त्यांच्या पलायनातला मेकन ते सव्हाना हा आगगाडीचा टप्पा हातावेगळा झाला. झाला नव्हता. परवा रात्री त्यातली अकरा पानं काढून टाकली.

त्यातला क्रेचा प्रसंग तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आवडला होता. डिसेंबर १८४८. एलन आजारी गोऱ्या जमीनदाराच्या वेशात, नवरा विल्यम तिचा 'गुलाम' म्हणून वेगळ्या डब्यात. शेजारी येऊन बसतो क्रे, तिच्या मालकांचा स्नेही, आदल्याच दिवशी घरी जेवून गेलेला. तो काहीतरी विचारतो आणि तिच्या तोंडून निसटतं, "मी ऐकते... ऐकतो आहे." एका मात्रेवर दोघांचा जीव. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला होता.

पण असं घडणं शक्यच नाही! एलन इंग्रजी बोलत होती, आणि इंग्रजीत बोलणारी बाई आहे की पुरुष हे क्रियापद सांगत नाही. तिला धास्ती होती ती बिनदाढीच्या गालांची, आणि हॉटेलच्या वहीत सही करण्याची, कारण लिहिता येत नव्हतं. म्हणून तर तोंडाला पोटीस बांधलेलं, उजवा हात झोळीत, डोळ्यांवर हिरवा चष्मा. मी तिच्यावर आपल्या व्याकरणाचं संकट लादलं होतं. प्रत्यक्षात तिने बहिरेपणाचं सोंग घेतलं. क्रे आवाज चढवून पुन्हा पुन्हा 'सकाळ छान आहे' म्हणत राहिला, तेव्हा कुठे एवढंच म्हणाली, "हो." माझ्या अकरा पानांपेक्षा त्या एका 'हो'त जास्त भीती आहे.

प्रसंग गेला तरी अडचण राहिलीच. निवेदनात तिला काय म्हणायचं? 'ती' लिहिलं की दर वाक्यात वेश उतरतो. 'तो' लिहिलं की एलन हरवते. तीन आठवडे मी नुसती पळवाट काढत होते : 'तिकीट काढलं', 'पेला उचलला', 'खिडकी लावली'. कर्त्याला 'ने' लावा, क्रियापद कर्माच्या मागे जातं, लिंग झाकलं जातं. अर्धं पान चालतं हे. मग कुणीतरी उठतं, बसतं, हसतं आणि सगळं उघडं पडतं.

उत्तर विल्यमकडेच होतं. १८६० साली लंडनमध्ये छापलेल्या आत्मकथनात तो प्रवासभर बायकोला 'माझे मालक' म्हणतो, सर्वनामही पुरुषाचं वापरतो. मला हे उशिरा कळलं, कारण ऑनलाइन मागवलेल्या माझ्या पुनर्मुद्रणात नेमकी प्रवासातली पानं गायब होती. विक्रेत्याने उत्तरसुद्धा दिलं नाही. तुम्ही त्या फंदात पडू नका. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने अख्खं पुस्तक फुकट वाचायला ठेवलं आहे आणि ते स्वच्छ आहे.

तेव्हा आता निवेदक विल्यम. मेकनमधल्या खोलीत 'तू' आणि 'ती', स्टेशनात पाऊल टाकलं की 'आपण' आणि 'मालक'. पहिली पाच प्रकरणं त्यासाठी बदलावी लागतील, हरकत नाही.

पाचव्या प्रकरणातला एक शब्द मात्र हलवणार नाही. एलन अकरा वर्षांची असताना मालकाने आपल्या मुलीच्या लग्नात तिला देऊन टाकलं, आणि ती मुलगी एलनची सावत्र बहीण, कारण बाप एकच. मी 'भेट' लिहिलं होतं, 'नावावर केली' लिहिलं होतं. मग 'आंदण' आठवला. भांडी, गाय, एलन. गुलाम बाईसाठीचा जुना शब्द 'कुणबीण'ही वापरून पाहिला, पण तो पेशवाईतलं पुणं ओढून आणतो, म्हणून काढला. 'गुलाम'च ठीक. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, ती एलनसारख्या गुलामांच्या मुक्ततेसाठी त्यांनी झीज सोसली म्हणूनच.

हे टाइप करतानाच एक सुचलं. चार्ल्स्टनच्या वाटेवर एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने एलनला बजावलं होतं की गुलामाला 'थँक यू' म्हणून तुम्ही त्याला बिघडवून ठेवाल. हा प्रसंग मी टाळत होते, कारण मराठीत घरच्या माणसाचे आभार मानले की ते परकं वाटतं. पण आपली अदबही क्रियापदातच असते ना! मालक म्हणणार, "पाणी आण." एलन म्हणून जाते, "जरा पाणी आणतोस का?" अधिकारी कान टवकारतो. मला हवी होती ती चूक हीच, आणि ही खरोखर घडलेली आहे. क्रेची अकरा पानं गेल्याचं दुःख आता उरलं नाही.

बाल्टिमोर अजून कच्चं आहे. २४ डिसेंबरची संध्याकाळ, मालकीचा पुरावा मागणारा अधिकारी, आणि गाडी सुटायची घंटा. ते पुढच्या नोंदीत. पण नाताळच्या सकाळी फिलाडेल्फियाला, म्हणजे गुलामगिरी नसलेल्या राज्यात, उतरल्यावरचं वाक्य आज सकाळी एका दमात आलं, तेवढं इथे ठेवते :

"गाडीवानाने दार लावलं, मालकांनी हिरवा चष्मा काढून माझ्या हातात दिला, आणि ती रडायला लागली."