पडद्याच्या कडेने येणारा उजेड

गेली काही वर्षे मी रात्रपाळीत काम करते. माझी रात्र सकाळी आठच्या सुमारास सुरू होते आणि तेव्हा बाहेर लख्ख ऊन पडलेले असते. झोपण्याच्या खोलीसाठी मी जाड, गडद पडदे घेतले आणि ते ओढून पहिल्यांदा आडवी झाले, तेव्हा कापड काळेभोर दिसत होते, पण त्याच्या चारही बाजूंनी उजेडाची चौकट उभी होती आणि दांडीवरून निसटलेल्या प्रकाशाचा लांब पट्टा थेट छतावर पसरला होता. उजेड कापडातून कमी आणि कडांमधून जास्त येतो, हे माझ्या नीट ध्यानात यायला त्यानंतरही बरेच महिने गेले.

कापडाचे महत्त्व आहेच. नुसता गडद रंग पुरत नाही, कारण विणीतल्या बारीक छिद्रांतून प्रकाश पाझरतो. खऱ्या ब्लॅकआउट कापडाच्या पाठीवर लेप चढवलेला असतो आणि चांगल्या प्रतीत दोन पांढऱ्या थरांच्या मध्ये एक काळा थर असतो. कापडामागे मोबाइलचा दिवा धरला की त्याचा दर्जा तत्काळ कळतो. मात्र ‘99 टक्के प्रकाश अडवतो’ या शब्दांवर विसंबू नये. दिवसा उघड्यावर, सावलीतसुद्धा, 10,000 लक्सच्या (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) आसपास प्रकाश सहज असतो. त्याचा एक टक्का म्हणजे 100 लक्स, आणि पौर्णिमेचे चांदणे एक लक्सदेखील भरत नाही. झोपेच्या वेळी डोळ्यांपाशी प्रकाश 1 लक्सच्या वर नसावा, अशी शिफारस प्रकाशाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने 2022 साली केली आहे. ते माप डोळ्यांतील, शरीराच्या घड्याळाला दिवस-रात्र कळवणाऱ्या पेशींच्या संवेदनेनुसार ठरवलेले आहे.

आता कडांचा हिशेब पाहा. खिडकी 120 सेंटीमीटर रुंद आणि 150 सेंटीमीटर उंच आहे असे धरले आणि दोन्ही बाजूंना फक्त एकेक सेंटीमीटरची फट राहिली, तर त्या फटींचे क्षेत्रफळ 300 चौरस सेंटीमीटर, म्हणजे संपूर्ण खिडकीच्या साठाव्या हिश्शाएवढे होते. याचा अर्थ, एक थेंबही उजेड न झिरपणारे कापड लावले, तरी या दोन फटी मिळून 99 टक्केवाल्या कापडापेक्षा जास्त उजेड आत सोडू शकतात.

रोलर ब्लाइंडच्या, म्हणजे वर नळीवर गुंडाळल्या जाणाऱ्या पडद्याच्या बाबतीत हे हमखास घडते. दोन्ही टोकांच्या आधारांसाठी जागा सोडावी लागत असल्यामुळे त्याचे कापड चौकटीपेक्षा थोडे अरुंदच असते. बाजूला पन्हळीसारख्या उभ्या पट्ट्या बसवून कापडाची कड त्यांत सरकती ठेवली, तरच ती फट बंद होते. मी ब्लाइंड चौकटीच्या आत ठेवला आणि पडदा बाहेरून घेतला. पडद्याची दांडी चौकटीच्या 15 सेंटीमीटर वर बसवली, दोन्ही बाजूंना 20 सेंटीमीटर पुढे नेली आणि तिची टोके भिंतीकडे वळवली, त्यामुळे पडद्याची कड भिंतीला टेकते; तिथे वेल्क्रोची पट्टीही शिवून घेतली. दांडीच्या वर लाकडी पेल्मेट, म्हणजे दांडी झाकणारी पेटीसारखी चौकट, बसवताच छतावरचा पट्टा नाहीसा झाला. प्रकाश सरळ रेषेत जातो हे खरे, पण पांढऱ्या भिंतीवर आपटत आपटत तो आडवळणानेही आत शिरतो; म्हणून चौकटीच्या आतल्या बाजू मी गडद, बिनचमकीच्या रंगाने रंगवल्या. या एका उपायाने इतका फरक पडेल असे मला वाटले नव्हते.

शिलाईकडेही लक्ष द्यावे लागते. लेप दिलेल्या कापडाला सुईने पडलेली भोके बुजत नाहीत आणि दुपारी ती चांदण्यांच्या रांगेसारखी लुकलुकतात. एकदा पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात असेच एक भोक राहिले होते. समोरच्या भिंतीवर मला एक फिकट कवडसा दिसला आणि डोळे अंधाराला सरावल्यावर ध्यानात आले, की त्या कवडशात बाहेरचे झाड उलटे उभे आहे, त्याच्या फांद्या खाली आहेत आणि त्या हलत आहेत. छिद्रातून येणारे किरण सरळ जातात, त्यामुळे वरचे खाली आणि खालचे वर उमटते, हे शाळेत शिकले होते. ते स्वतःच्या भिंतीवर पाहताना मी झोपायचे विसरून गेले. दुसऱ्या दिवशी ते भोक मात्र त्याच कापडाचे ठिगळ चिकटवून बंद केले.

काचेवर ॲल्युमिनियमचा कागद चिकटवण्याचा सल्ला अनेक जण देतात. मी तो मानला नाही, कारण उन्हात काच असमान तापून तडकू शकते आणि कागदामागे ओल धरून बुरशी येते. शिवाय मला उठल्यावर उजेड हवा असतो. शरीराला दिवस सुरू झाल्याचे त्यानेच कळते, म्हणून वेल्क्रो मी एकाच बाजूला पक्की ठेवली आहे. दुसरी बाजू पलंगावरून हात पोहोचेल अशी आहे. दुपारी चारचा गजर झाला की मी ती ओढते.