तडा गेलेली भैरवी

पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. कॉलेजात असताना मी दर रविवारी सकाळी सातलाच तिथे असायचो, नाश्ता पण करायचो नाही, कारण दहा वाजले की चांगला माल उचललेला असतो. अशाच एका रविवारी एका काकांनी ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, कुलपं, बंद पडलेले मिक्सर असं सगळं मांडलेलं आणि त्यांच्या मागे रेकॉर्डींची चळत, ७८ आरपीएमच्या (म्हणजे मिनिटाला ७८ फेरे), लाखेच्या, वजनदार.

चौथी का पाचवी रेकॉर्ड उचलली. लेबल पिवळं पडलेलं, पण नाव वाचता येत होतं, केसरबाई केरकर, भैरवी, 'जात कहाँ हो'. उन्हात तिरकी धरली तर खाचा मधेमधे राखाडी झालेल्या, म्हणजे कुणीतरी ही खूप वेळा लावली होती. आणि कडेपासून आत बोटभर केसासारखा बारीक तडा.

काका म्हणाले तीनशे. माझ्या खिशात चारशे होते. तरी मी तड्यावर बोट ठेवून दीडशे म्हणालो, कारण बाजारात असंच करायचं असतं असं मला वाटायचं. ते म्हणाले, "राहू दे मग, ज्याला कळतं तो नेईल." मी रेकॉर्ड खाली ठेवली आणि निघालो, दहा पावलं गेलो की हाक मारतातच. त्यांनी नाही मारली. आणि मी पण मागे वळलो नाही.

बुधवारी लेक्चर बुडवून गेलो तर काका होते, चळत नव्हती. कुणीतरी सगळीच घेऊन गेलं होतं, कोण ते त्यांना माहीत नव्हतं.

तेव्हा मला एवढंच कळत होतं की केसरबाई म्हणजे शास्त्रीय गायिका, थोर गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, गोव्यातल्या केरीच्या, आणि त्यांच्या रेकॉर्डी फार कमी. व्हॉयेजरचं नंतर वाचलं. १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर नावाच्या दोन अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, त्यात ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत, मराठी पण आहे, आणि जगभरातलं जे संगीत निवडलं त्यात भारतातून ही एकच, केसरबाईंची हीच भैरवी, साडेतीन मिनिटांची. ती रेकॉर्ड मिळता मिळत नव्हती म्हणे, शेवटी ती तबकडी तयार करणाऱ्या गटातल्या ॲन ड्रूयनना न्यूयॉर्कमधे एका भारतीय कुटुंबाच्या इलेक्ट्रिक वस्तूंच्या दुकानात पुठ्ठ्याच्या खोक्यात सापडली. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. व्हॉयेजर १ उडालं ५ सप्टेंबरला आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ते यान आता २४०० कोटी किलोमीटरच्या पुढे गेलंय.

गाणं हवं तेव्हा मोबाईलवर ऐकता येतं, ते मी ऐकतोच. पण त्यात सगळी खरखर पुसून काढलेली असते. मला ती राखाडी झालेली खाच हवी होती, ज्या घरात ती रेकॉर्ड इतक्या वेळा वाजली ते घर त्या खाचेत होतं असं मला खरंच वाटतं. आणि आता माझ्याकडे ग्रामोफोन आहे, चाळीसएक रेकॉर्डी आहेत, त्यामुळे हे पण माहितीये की तेवढ्या तड्याने काही बिघडत नाही, प्रत्येक फेऱ्याला एक टक, मिनिटाला ७८, आणि सुई बोटभर आत गेली की तेही बंद. उरलेली सगळी भैरवी स्वच्छ.

दीडशे रुपयांसाठी सोडली मी ती. पंधरा वर्षं झाली, अजून कुठे दिसली नाही.

कुणाच्या आजोळी माळ्यावर, ट्रंकेत अशा रेकॉर्डी पडल्या असतील तर भंगारात देण्याआधी लेबलं एकदा वाचा प्लीज. केसरबाईंची भैरवी निघाली तर मला सांगा, द्यायची नसेल तर नका देऊ, मी ग्रामोफोन घेऊन तुमच्याकडे येईन, एकदा लावून ऐकू. तडा असला तरी चालेल.