सुईत साधी गाठ आली, मग आता अख्खी का काढायची?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, कारण पॅथॉलॉजीत आहे म्हटलं की नातेवाइकांपासून सगळे हेच विचारतात. मुलाच्या मानेला गाठ, दुखत नाही, ताप नाही, सुईच्या तपासणीत 'रिअॅक्टिव्ह' (म्हणजे कशाला तरी प्रतिक्रिया म्हणून सुजलेली, साधी गाठ) आलं, आणि दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणतात गाठ पूर्ण काढून पाठवू. मधल्या काळात कुणीतरी अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू केलेल्या असतात ते वेगळंच.

बहुतेक वेळा गाठ साधीच निघते. टॉन्सिल, किडका दात, डोक्यातल्या उवा, काहीही कारण असतं. पण पीडियाट्रिक टाइप फॉलिक्युलर लिम्फोमा नावाचा गाठींच्या कॅन्सरचा एक दुर्मिळ प्रकार आहे, डब्ल्यूएचओने 2016च्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान दिलं, मुलींपेक्षा मुलग्यांत खूप जास्त आणि बहुतेक डोकं-मानेतच. त्यात सुई फसू शकते, कारण सुईत सुट्या पेशी येतात, त्यांची मांडणी नाही. रांगोळी मुठीत गोळा केली तर रंग कळतात, नक्षी कुठून कळणार? आणि इथे सगळी भानगड नक्षीतच आहे. साध्या गाठीत प्रत्येक फॉलिकलची (गाठीतल्या पेशींच्या गोल पुंजक्याची) एक बाजू गडद, एक फिकट, भोवती नीट काठ. या लिम्फोमात फॉलिकल फुगून वेडेवाकडे झालेले, काठ पातळ, गडद-फिकट भेद गेलेला. पेशी दोन्हीकडे भराभर वाढत असतात त्यामुळे वाढीचा वेग दाखवणाऱ्या केआय-67 या तपासणीवरून काही ठरत नाही, आणि मोठ्या माणसांच्या फॉलिक्युलर लिम्फोमात आम्ही ज्या बीसीएल2 या प्रथिनाच्या तपासणीवर भिस्त ठेवतो तो इथे बऱ्याचदा निगेटिव्ह. पेशी एकाच वंशाच्या आहेत का ही जनुकीय तपासणी करतो, पण मुलग्यांच्या साध्या गाठींतही कधीकधी तसं सापडलंय, म्हणजे नुसत्या त्या रिपोर्टवर शिक्का मारता येत नाही. मी स्वतः एकदा रिअॅक्टिव्ह लिहून मोकळी होणार होते, दुसऱ्या दिवशी स्लाइड परत लावली म्हणून वाचले.

एवढा कीस कशाला, तर हा लिम्फोमा एकाच गाठीत असेल आणि ती पूर्ण निघाली तर बहुतेकदा केमो लागतच नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. पण मोठ्या पेशी सगळीकडे पसरलेल्या दिसल्या किंवा आयआरएफ4 जनुकात बदल निघाला तर नाव वेगळं, उपचारही वेगळे.

'कापलं की पसरतं' म्हणून अडून बसू नका, तसं होत नाही. फक्त सर्जनना आधीच सांगा, टीबी कल्चरसाठीचा (जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा) तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे गाठ टिकवायच्या द्रवात, बुडवायच्या आधी बाजूला काढा, एकदा फॉर्मॅलिन लागलं की कल्चर गेलं.