आमदार परत मागणारा मतदारसंघ

29 मे 2023 रोजी मी कॅनडाचा नागरिक म्हणून पहिल्यांदा मतदान केले आणि केंद्राबाहेर पडताना सवयीने डाव्या हाताची तर्जनी पाहिली. शाई नव्हती. ओळखपत्र दाखवायचे, यादीतल्या नावावर खूण होते, घडी घातलेली मतपत्रिका हातात मिळते, पुठ्ठ्याच्या आडोशामागे उमेदवाराच्या नावापुढे फुली मारायची आणि ती पेटीत टाकायची, एवढेच. रांगेत माझ्यापुढे आमचे शेजारी उभे होते. वय ऐंशीच्या पुढे, जन्म याच परिसरातला, आयुष्यभर बार्ली आणि कनोला पिकवलेले. मी उत्साहाने निकालाबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले की इथला निकाल उमेदवारी ठरते त्याच दिवशी लागतो, आजचा दिवस फक्त सोपस्काराचा. अल्बर्टा प्रांताच्या ज्या मतदारसंघात मी राहतो, त्या हायवुडबद्दल हे विधान बहुतांशी खरे आहे. मात्र जेव्हा ते खोटे ठरले, किंवा खरे ठरूनही एखाद्या मोठ्या नेत्याला महागात पडले, ते प्रसंग मला अधिक महत्त्वाचे वाटतात.

कॅलगरी शहराच्या दक्षिणेला मोटारीने अर्ध्या तासावर ओकोटोक्स हे आमचे गाव आहे. गावाचे नाव ब्लॅकफूट भाषेतल्या खडक या अर्थाच्या शब्दावरून आले असून, हिमयुगात हिमनदीने वाहून आणलेला तो अवाढव्य खडक गावाच्या पश्चिमेला माळावर आजही दुभंगलेल्या अवस्थेत पडलेला आहे. आणखी दक्षिणेला हायवुड नदीकाठी हाय रिव्हर हे गाव आहे, आणि पश्चिमेला, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, टर्नर व्हॅली, जिथे 1914 मध्ये तेल-वायूचा शोध लागला. गुरांचे रँच, गव्हाची शेते आणि तेलविहिरी या तिन्हींचे हितसंबंध एका मतदारसंघात आले, आणि पुढच्या भांडणांचे मूळ पुष्कळसे तिथेच आहे.

ओकोटोक्सचे सुरुवातीचे आमदार जॉर्ज होडली इंग्लंडहून आलेले रँचमालक होते. 1909 मध्ये ते कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणून निवडून आले, पण 1921 मध्ये शेतकऱ्यांच्या संघटनेने, म्हणजे युनायटेड फार्मर्स ऑफ अल्बर्टाने, निवडणुकीत उतरून प्रांताची सत्ता घेतली, तेव्हा होडली त्यांच्या बाजूला होते आणि कृषिमंत्री झाले. आरोग्य खातेही त्यांच्याकडे होते, आणि तथाकथित मंदबुद्धी माणसांच्या सक्तीच्या नसबंदीचा 1928 चा कायदा त्यांनीच विधानसभेत मांडला. तो रद्द व्हायला 1972 साल उजाडले. स्थानिक इतिहासाच्या गौरवपर लिखाणात हा भाग अनेकदा घाईने उरकला जातो, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो.

1930 मध्ये ओकोटोक्स-हाय रिव्हर असा जोडमतदारसंघ झाला. तोवर जागतिक मंदीने गव्हाचे भाव कोसळू लागले होते, पाठोपाठ दुष्काळ आला, आणि कॅलगरीतले एक हेडमास्तर विल्यम ॲबरहार्ट यांनी रेडिओवरच्या धर्मोपदेशातून एक आर्थिक सिद्धांत मांडायला सुरुवात केली: प्रत्येक प्रौढ नागरिकाला सरकारने दरमहा 25 डॉलरचा लाभांश द्यावा. त्यांच्या सोशल क्रेडिट पक्षाने ऑगस्ट 1935 मध्ये 63 पैकी 56 जागा जिंकल्या, शेतकऱ्यांच्या पक्षाला एकही मिळाली नाही आणि होडलीही पडले. ॲबरहार्ट स्वतः मात्र निवडणुकीला उभेच नव्हते. मुख्यमंत्री झाल्यावर त्यांना जागा हवी होती. ओकोटोक्स-हाय रिव्हरच्या नव्या आमदाराने राजीनामा दिला आणि नोव्हेंबर 1935 च्या पोटनिवडणुकीत ॲबरहार्ट इथून बिनविरोध निवडून आले. कॅलगरीच्या माणसाने आमचा मतदारसंघ एका अर्थी उसना घेतला होता.

त्यांच्या सरकारने 1936 मध्ये, आश्वासन दिल्याप्रमाणे, आमदार परत बोलावण्याचा कायदा केला. मतदारसंघातल्या दोन तृतीयांश मतदारांनी सह्या केल्या की आमदाराची जागा रिकामी होणार, असा हा कॅनडातला पहिलाच कायदा होता. दोन तृतीयांश सह्या कोण गोळा करणार, असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. पण वर्ष उलटले तरी 25 डॉलर काही आले नाहीत, आणि 1937 मध्ये खुद्द मुख्यमंत्र्यांच्याच मतदारसंघात सह्यांची मोहीम सुरू झाली. आपापल्या घरापासून मैलभर दूर राहणाऱ्या शेजाऱ्यांकडे कच्च्या रस्त्याने जाऊन कागद फिरवणाऱ्या त्या माणसांची मला फार कौतुकमिश्रित उत्सुकता वाटते, कारण विरुद्ध पक्षाकडे त्या वेळी ना संघटना होती ना सत्ता. सह्या पुरेशा झाल्या. त्यावर ॲबरहार्ट सरकारने त्याच शरद ऋतूत तो कायदाच रद्द केला, आणि तोही पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे जणू तो कधी झालाच नव्हता. मुख्यमंत्र्यांचे म्हणणे असे होते की टर्नर व्हॅलीतल्या तेल कंपन्यांनी आपल्या कामगारांवर दबाव आणून सह्या घेतल्या आणि बाहेरची माणसेही आणून घातली. 1936 मध्ये तिथे कच्च्या तेलाचा मोठा साठा सापडल्यामुळे नवी माणसे लोटली होती, एवढे निश्चित. 1940 च्या निवडणुकीत ॲबरहार्ट या मतदारसंघाच्या वाटेला गेले नाहीत. ते कॅलगरीतून लढले आणि निवडून आले.

यानंतरच्या काही दशकांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. 1971 मध्ये मतदारसंघाला हायवुड हे नाव मिळाले, 1975 पासून तो प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा बालेकिल्ला झाला आणि 2012 पर्यंत राहिला. अपवाद म्हणून 1982 चा उल्लेख करता येईल. त्या वर्षी पश्चिम कॅनडा वेगळा करा म्हणणाऱ्या पक्षाचे गॉर्डन केसलर फेब्रुवारीत दुसऱ्या एका मतदारसंघातून पोटनिवडणूक जिंकले होते, आणि नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांनी हायवुड निवडले. हायवुडने त्यांना पाडले.

2012 मध्ये उजवीकडच्या वाइल्डरोज पक्षाच्या नेत्या डॅनियल स्मिथ इथून जिंकल्या आणि विरोधी पक्षनेत्या झाल्या. 20 जून 2013 रोजी हायवुड नदीला आलेल्या पुरात हाय रिव्हर गाव बुडाले आणि सुमारे 13 हजार लोकांना घर सोडावे लागले. रिकाम्या घरांत शिरून पोलिसांनी बंदुका जप्त केल्या, त्यावरून उठलेला संताप इथल्या बैठकींतून अजूनही पुरता शमलेला नाही. अशा वेळी आपला प्रतिनिधी सरकारला जाब विचारतो आहे, ही भावना लोकांना मोलाची होती. आणि 17 डिसेंबर 2014 रोजी स्मिथ आपल्या आठ आमदारांसह सत्ताधारी पक्षात गेल्या. विरोधी पक्षनेत्यानेच सभागृह ओलांडून सरकारी बाकांवर जाऊन बसावे, हे आयाराम-गयारामांची सवय असलेल्या मलासुद्धा नवे होते. आपल्याकडे 1985 पासून पक्षांतरबंदीचा कायदा आहे, त्याच्या पळवाटांसह. इथे असा कायदाच नाही.

पण इथे दुसरी एक गोष्ट आहे, जी महाराष्ट्रातल्या वाचकांना समजावून सांगताना मला नेहमी थोडे अडखळायला होते. तिकीट दिल्लीत किंवा मुंबईत ठरत नाही. मतदारसंघातले जे रहिवासी थोडी वर्गणी भरून पक्षाचे सदस्य झालेले असतात, तेच मतदान करून उमेदवार ठरवतात. मुख्यमंत्र्यांच्या मर्जीने आलेल्या, प्रांतभर नाव असलेल्या स्मिथ यांना 28 मार्च 2015 रोजी अशाच रांगेत उभ्या राहिलेल्या सदस्यांनी नाकारले आणि ओकोटोक्सच्या एका नगरसेविकेला उमेदवारी दिली. मे महिन्यातल्या निवडणुकीत प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्हांची 44 वर्षांची सत्ता गेली, डावीकडचा न्यू डेमोक्रॅटिक पक्ष (एनडीपी) सत्तेवर आला. हायवुडने मात्र ती नगरसेविकाही घरी पाठवली आणि स्मिथ ज्या वाइल्डरोजला सोडून गेल्या होत्या, त्याच पक्षाचा आमदार निवडला. मतदारांनी आपली बाजू बदलली नव्हती, एवढेच त्यांनी दोनदा सांगितले.

पुढे दोन्ही उजवे पक्ष 2017 मध्ये एकत्र होऊन युनायटेड कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष झाला, आणि 2019 पासून हायवुड त्याच्याकडे आहे. आताचे आमदार कृषिमंत्री आहेत; होडलींपासून मोजले तर या परिसराने दिलेले ते पहिले कृषिमंत्री नव्हेत. दरम्यान मतदारसंघाच्या सीमा इतक्या सरकल्या की हायवुड नदीकाठचे हाय रिव्हर गाव आता हायवुडमध्ये नाही, ते लिव्हिंगस्टन-मॅक्लाउडमध्ये गेले. ओकोटोक्स 30 हजारांच्या वर गेले आणि माझ्यासारख्या, सकाळी कॅलगरीला कामाला जाणाऱ्या लोकांनी भरले. मतदारसंघाला अजून ग्रामीण म्हणावे का, असा प्रश्न शेजारी मला माझ्याकडे बघतच विचारतात. हाय रिव्हरला राहणाऱ्या स्मिथ ऑक्टोबर 2022 मध्ये मुख्यमंत्री झाल्या, आणि विधानसभेत येण्यासाठी त्यांनी दोन-तीन तासांच्या अंतरावरचा ब्रुक्स-मेडिसिन हॅट हा मतदारसंघ घेतला, तिथल्या आमदाराने राजीनामा दिल्यावर. 1935 मध्ये बाहेरच्या मुख्यमंत्र्याला जागा देणाऱ्या परिसराच्या रहिवाशाने आता दुसऱ्याची जागा घेतली होती.

आमदार परत बोलावण्याचा कायदाही परतला आहे. अल्बर्टाने तो 2021 मध्ये नव्याने केला. 2025 मध्ये सह्यांची अट सैल केली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सत्ताधारी पक्षाच्या अनेक आमदारांविरुद्ध सह्यांचे कागद फिरू लागले. त्या सुमारास एका संध्याकाळी अंगणातले बर्फ ढकलताना मी शेजाऱ्यांना विचारले की 1937 च्या कागदावर त्यांच्या वडिलांची सही होती का. वडील तेव्हा टर्नर व्हॅलीत तेलविहिरीवर कामाला होते, शेती नंतर घेतली. सही होती, असे ते म्हणाले. पण ती स्वतःच्या मर्जीने केली की मुकादमाच्या, हे वडिलांनी शेवटपर्यंत घरात कोणाला सांगितले नाही.