हवा घेणारी गाडी

माझी यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल अठरा वर्षं गोठ्यात गोणपाटाखाली उभी होती. १९९४ चं मॉडेल, ९८ सीसी, ११ अश्वशक्ती. आमच्या पंचविशीत ड्रॅग, म्हणजे सरळ रस्त्यावरची दोन गाड्यांची शर्यत, म्हटलं की पहाटेचा मोकळा रस्ता आणि पलीकडच्या टोकाला हात वर करून उभा असलेला एक मित्र. कायद्यात बसणारं होतं असं म्हणवत नाही. आता लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर रीतसर ड्रॅग होतात म्हणून पुतण्यानं परस्पर माझं नाव घातलं, आणि गोणपाट निघालं.

गाडी सातव्या किकला सुरू झाली. मी हरखलो. पण मूठ सोडली तरी रेज, म्हणजे इंजिनाचा वेग, उतरेना. केबल बदलली, कार्बोरेटर तीनदा उघडून धुतला, त्यातले पेट्रोलचे जेट बदलले. शेवटी कोल्हापुरातल्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी नुसतं ऐकलं.

"सायेब, कार्बोरेटर हाय का धुणं हाय? गाडी हवा घ्यायला लागलीया."

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँकच्या पोटात येतं, मग वर सिलिंडरमध्ये. ते पोट हवाबंदच हवं. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतं, आणि उभ्या गाडीत नेमकं तेच वाळतं. मग फटीतून जादा हवा शिरते, पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि एक दिवस भर वेगात पिस्टन पकडतो. मिस्त्रींनी मॅग्नेट ओढून काढला. मागचं सील नखानं टोकरलं तर त्याचा चुरा पडला. दुखणं एवढंसं, आणि मी महिनाभर भलतीकडेच औषध लावत होतो.

"दोन्ही बाजूंची घालूया," ते म्हणाले. दुसऱ्या बाजूला पोचायचं तर क्लच उतरवावा लागतो. रेस चार दिवसांवर.

"चालतंय की, पुढच्या वेळी," मी म्हणालो.

धावपट्टीवर सुरुवातीच्या रेषेपाशी जमिनीलगत दोन प्रकाशकिरण आडवे सोडलेले असतात. पुढचं चाक पहिल्या किरणात आलं की एक दिवा लागतो, वीतभर पुढे सरकलं की दुसरा. मग अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं तीन पिवळे, मग हिरवा. हिरवा बघून निघणारा उशिराच निघतो. शेवटच्या पिवळ्यालाच क्लच सुटायला हवा. गंमत म्हणजे घड्याळ हिरव्याला सुरू होत नाही, चाक किरणातून बाहेर पडलं की होतं. त्यामुळे ४०२ मीटर कापायला मला शेजारच्यापेक्षा कमी वेळ लागला, आणि तरी हरलो मीच. चिठ्ठीवर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापून येतात, समजूत काढायलाही जागा नाही.

"काका, तुम्ही हिरव्या दिव्याला नमस्कार करून निघालात," पुतण्या म्हणाला.

दुसऱ्या फेरीला मी नमस्कार केला नाही. सुटलो तो झकास. तिसरा गिअर पडला आणि आरशात धावपट्टीच दिसेना. मागे सगळा पांढरा धूर. कशीबशी शेवटची रेषा ओलांडली, गाडी ढकलत आणली आणि मिस्त्रींना फोन लावला.

"धूर काळा का पांढरा?"

"पांढरा."

"मंजे गिअरचं ऑईल ओढायला लागली. क्लचकडचं सील." थोडा वेळ पलीकडून नुसती पान्यांची खडखड ऐकू आली.

"चालतंय की," मिस्त्री म्हणाले, "पुढच्या वेळी."