शेडातली सेव्हन : वजन काट्यावर, रेडिएटर उन्हात

चॅसिस आता स्वतःच्या चार चाकांवर उभी आहे. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, स्टीअरिंग सगळं जागेवर बसलंय. पत्रा मात्र निम्माही झालेला नाही. एवढं उभं राहिल्यावर पहिलं काम वजनाचं आणि दुसरं गरमीचं. यावेळची नोंद त्या दोन्हींचीच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. इंग्लंडातल्या लोटस कंपनीच्या सेव्हन या गाडीच्या धर्तीवरची दोन सीटांची, उघडी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी अमळनेरजवळच्या मळ्यातल्या शेडमध्ये बांधतोय. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन, त्याची मूळ सेव्हन १९५७ ची. ती सुट्या भागांच्या किटमध्येही विकली जायची, कारण तयार गाडीवर लागणारा तिकडचा खरेदी कर किटवर लागत नव्हता. १९७३ मध्ये हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि तिथे ती अजून बनते. आपल्याकडे गणित उलटं. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे नव्या गाडीचा प्रोटोटाइप पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून मंजूर करावा लागतो, आणि जुन्याच गाडीच्या कागदांवर नवी गाडी उभी करायची म्हटलं तर मोटार वाहन कायद्याचं, गाडीत बदल करण्यावरचं कलम ५२ आडवं येतं. त्यामुळे ही गाडी ट्रेलरवर चढून ट्रॅकवर किंवा बंद मैदानातच जाणार. शेजारच्या मळ्यातल्या आबांना हे अजून पटलेलं नाही. येताजाता शेडात डोकावतात आणि म्हणतात, "लोखंड ते दिखी राह्यनं, गाडी कोठे शे?"

इंजिन मारुती जिप्सीचं, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, इंजेक्शनवालं. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ८० बीएचपी. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, म्हणजे पुढच्या चाकांवर ओझं कमी. भंगारातून आलं तेव्हा धूर मारत होतं. रिंगा, व्हॉल्व्ह सील, हेडची फेसिंग एवढ्यावर सुधारलं. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही, जिप्सीचं काम करणारा मिस्त्री कुठेही मिळतो. मजा आहे ती त्याच्या मागे.

जिप्सीत ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांकडे वाटणारा गिअरचा डबा) गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. मधे एक आखूड शाफ्ट असतो आणि केस वेगळा टांगलेला असतो. म्हणून तो पूर्ण काढून टाकता येतो आणि गिअरबॉक्सच्या फ्लँजपासून थेट मागे शाफ्ट नेता येतो. यात वजन तर वाचतंच, पण गिअरिंगही बदलतं. हाय रेंजमध्येसुद्धा तो केस साधारण १.४ पटीने वेग उतरवतो. जिप्सीच्या डिफरन्शियलचे, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरचे, ३.९ धरले तर एकूण साडेपाचच्या आसपास. केस काढला आणि जिप्सीचाच ॲक्सल ठेवला तर गाडी फार लांब गिअरची होते, म्हणजे इंजिन हळू फिरतं आणि ओढ कमी पडते. शिवाय तो ॲक्सल उचलायला दोन माणसं लागतात.

म्हणून मागे ओम्नीचा ॲक्सल घेतला. पिनियनवर (शाफ्ट जोडला जातो तो ॲक्सलचा छोटा गिअर) आणि दोन्ही चाकांवर खडूची खूण करून, चाकं बरोबरीनेच फिरवून मोजलं. चाकाच्या एका फेरीला पिनियन पाचाहून थोडं जास्त फिरतं. म्हणजे जिप्सीच्या एकूण गणिताच्या जवळपास तेच. चाक १२ इंची असल्यामुळे प्रत्यक्षात आणखी आखूड पडतं. चौथा गिअर एकास एक आहे, त्यात ताशी १०० ला इंजिन साधारण ५,००० वर असेल. हायवेला हे कटकटीचं झालं असतं, ट्रॅकला चालतं.

आता नेहमीचा प्रश्न: ८०० सीसीच्या गाडीचा ॲक्सल १३०० चं इंजिन झेपवेल का? माझं मत, झेपवेल. ॲक्सल मोडतो तो टायरने जमीन घट्ट धरल्यावर. ओम्नी आठ माणसं आणि टपावर लग्नाचं सामान घेऊन चढ चढते, तेव्हा त्या क्राउन-पिनियनवर जो भार येतो तो इथे येणारच नाही. त्याआधी टायर घसरतील. ओम्नीचे स्प्रिंगचे पाटे काढून टाकलेत. चार लिंक आणि ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणारा एक आडवा पॅनहार्ड रॉड यांनी ॲक्सल धरलाय, वर कॉइल स्प्रिंग.

शाफ्ट धुळ्याला करून घेतला. दोन मोठे हायवे एकमेकांना छेदतात तिथे ट्रकचे शाफ्ट सरळ करणारे आणि बॅलन्स करणारे हात भरपूर. एका टोकाला जिप्सीचा योक (जॉइंट धरणारं टोक), दुसऱ्याला ओम्नीचा, मधे नवी नळी. दोन्ही योक एका रेषेत हवेत हे त्या कारागिराला सांगायची गरज पडली नाही. उलट त्यानेच विचारलं की गिअरबॉक्स आणि पिनियन समांतर आहेत का. आहेत, खाली-वर असले तरी समांतर. शाफ्ट तुमच्या मांडीशेजारून जातो, म्हणून त्याच्याभोवती जाड पट्टीचं कडं लावलंच पाहिजे. जॉइंट तुटून शाफ्टचं पुढचं टोक जमिनीत रुतलं तर काय होतं ते ट्रकवाल्यांना विचारा.

चॅसिसबद्दल एवढंच: एक इंची चौकोनी पाईप, १६ गेज, काळा. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, घेऊ नका, जस्ताचा धूर छातीत जातो आणि वेल्डही फुसकं होतं. १.६ मिमी जाडीला मीटरमागे १.२ किलो बसतात, म्हणजे वीस फुटी पाईप सव्वासात किलोच्या आसपास भरला पाहिजे. दुकानात १६ गेज म्हणून मिळणारा माल बऱ्याचदा त्याहून पातळ असतो. व्हर्नियर खिशात ठेवा, नाहीतर सरळ एक पाईप काट्यावर टाका. वेल्डिंग मी रात्रीच करतो. शेतीची थ्री फेज कधी दिवसा येते, कधी रात्री. पण एप्रिल-मेमध्ये दुपारचा गरम वारा शेडातून असा वाहतो की मिग वेल्डिंगचा गॅस उडून जातो आणि टाक्याला सच्छिद्र फोड येतात. रात्री वारा पडतो, व्होल्टेजही जरा बरं असतं.

आता वजन.

कापसाचा हंगाम संपला की व्यापाऱ्यांचे इलेक्ट्रॉनिक काटे गोदामात पडून असतात. असे चार काटे ओळखीतून आणले, चार चाकांखाली एकेक. खरी मेहनत ते एका पातळीत आणण्याची. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल-नळी घेतली आणि टाइल्सचे तुकडे घालत चारही काटे जुळवले. एक गोष्ट बरेच जण सोडतात: टायरखाली दोन पत्रे ठेवून मधे ग्रीस लावा. गाडी वर-खाली होते तशी चाकं बाहेर-आत सरकतात. टायर काट्याला चिकटून बसला तर आकडा खोटा येतो. प्रत्येक फेरफारानंतर गाडी दाबून सोडायची, मगच वाचायचं.

ड्रायव्हरच्या जागी ४५ किलोची युरियाची गोणी आणि वर पाण्याचा वीस लिटरचा भरलेला जार. साधारण ६६ किलो. मी तेवढाच भरतो. घरच्यांचं मत वेगळं आहे.

पहिलं वाचन: पुढे डावं १०४, पुढे उजवं १४१, मागे डावं १४५, मागे उजवं १३०. एकूण ५२०. ड्रायव्हर वजा केला तर गाडी ४५४, पण उरलेला पत्रा, दिवे आणि पेट्रोल सोडून. आकडे पाहिले की लगेच कळतं, गाडी एका कर्णावर उभी आहे: पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून २८६, म्हणजे ५५ टक्के. खुर्चीचा एक पाय आखूड असावा तसं. अशी गाडी एका वळणाला छान वळते आणि दुसऱ्याला सरळ निघून जाते.

दुरुस्ती स्प्रिंगच्या खालच्या नटाने. शॉकअपवर लेथवर आटे पाडून घेतलेली स्लीव्ह आहे, तिच्यावर तो नट वर-खाली होतो. एका कोपऱ्याचा नट वर चढवला की त्या कोपऱ्यावर आणि कर्णावरच्या समोरच्या कोपऱ्यावर वजन वाढतं, उरलेल्या दोनांवर कमी होतं. थोडं थोडं करत शेवटी ११८, १२७, १३१, १४४ वर थांबलो. कर्ण २५८ आणि २६२. याहून बारीक जाण्यात अर्थ नाही, पेट्रोलच तेवढं हलतं.

पण बेरीज करून पाहा. पुढची दोन चाकं आधीही २४५, नंतरही २४५. मागची २७५ ची २७५. उजवी बाजू २७१ च. नट कितीही फिरवा, हे आकडे हलत नाहीत. ते हलवायचे तर वस्तूच उचलून दुसरीकडे ठेवावी लागते. म्हणून बॅटरी आता डाव्या बाजूला, सीटच्या मागे जाणार. पुढे ४७ टक्के, मागे ५३, यावर मी खूश आहे. पूर्ण गाडी ५४० च्या आत बसली तर टनामागे जवळपास १४८ बीएचपी होतात. हेच इंजिन हजार किलोच्या जिप्सीत टनामागे ८० च देतं.

हे आकडे पाहिल्यावर प्रत्येक ग्रॅमवर हात मारायची हाव सुटते, आणि इथेच रेडिएटरचा विषय येतो.

रेडिएटर किती गरमी फेकतो ते पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर आहे असं धरा. इंग्लंडातल्या उन्हाळ्याच्या दिवशी हवा २५, फरक ६५. आमच्याकडे मेमध्ये हवा ४५, फरकही ४५ च. तोच रेडिएटर, तेच इंजिन, पण काम जेमतेम सत्तर टक्के. सेव्हनचं ते चिमुकलं नाक तिकडच्या हवेसाठी काढलेलं आहे. परदेशी बांधणीतला रेडिएटरचा आकार डोळे झाकून उचलला, तर अमळनेरात गाडी शर्यतीचा झेंडा पडायच्या आधीच उकळेल. सीटचा फोम काढा, स्टेपनी विसरा. रेडिएटरवर मात्र वजन वाचवू नका.

जिप्सीचा मूळचा उभा आणि उंच, नाकात बसत नाही. म्हणून ट्रॅक्टरचे रेडिएटर बांधणाऱ्याकडून तांब्या-पितळेचा, बुटका पण रुंद आणि जाड कोअर (पाणी थंड करणारी जाळी) करून घेतला. ॲल्युमिनियमचा काही किलोंनी हलका झाला असता, तेही गाडीच्या अगदी टोकाला, जिथे वजन सगळ्यात वाईट. तरी तांबंच घेतलं, कारण गळला तर तालुक्याच्या गावात डाग देणारा माणूस मिळतो. ॲल्युमिनियमला टिग वेल्डिंगवाला शोधत फिरा.

दुसरी अडचण उंचीची. नाक खाली असल्यामुळे रेडिएटरचं झाकण इंजिनच्या हेडपेक्षा खाली येतं आणि हवा हेडमध्येच अडकते. म्हणून पाणी भरायची छोटी टाकी फायरवॉलवर (इंजिन आणि सीटांमधला पत्रा), सगळ्यात उंच जागी, आणि ०.९ बारचं प्रेशर कॅप तिच्यावरच. हेडकडून एक बारीक नळी त्या टाकीत, म्हणजे बुडबुडे आपोआप वर येतात.

मग दुपारी तीनला गाडी शेडाबाहेर उन्हात काढून आयडलवर सोडली. फॅन सुरू व्हायचा, बंद व्हायचा, पण बंद राहायचा फारच थोडा वेळ. कारण शोधायला अगरबत्ती पेटवली. फॅन चालू असताना ती रेडिएटरच्या कडेला धरली, तर धूर कोअरमधून न जाता कडेच्या बोटभर फटीतून उलटा पुढे येत होता. म्हणजे मागची गरम हवाच परत नाकात. दोन्ही बाजूंना आणि वर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावल्या, फटीत काळा फोम दाबला, पुन्हा अगरबत्ती धरली: धूर सरळ जाळीत ओढला गेला. फॅनची विश्रांती डोळ्याला दिसण्याइतकी वाढली. त्यात शंभर-दोनशे ग्रॅमच वाढले असतील. इंजिनावरचं झाकण बसेल तेव्हा मागून हवा बाहेर पडायला जागा ठेवावी लागेल, नाहीतर हे सगळं वाया. त्यासाठी लूव्हर, म्हणजे पत्र्यातल्या तिरक्या फटी, पाडायचा डाय बनवायला दिलाय.

पत्र्याचं थोडं. बाजूंना १.२ मिमी ॲल्युमिनियम, चौरस मीटरला सव्वातीन किलो. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. थंडीत रिबिट मारलेला पत्रा मेच्या उन्हात फुगून टकटक वाजतो, म्हणून हे काम मुद्दाम आत्ता, भर उन्हाळ्यात करतोय. गरम असताना बसवला की थंडीत ताणून राहतो. पाईपवर प्रायमर आणि मधे पीयू सीलंट न विसरता, कारण लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना उघडे भिडले की पावसाळ्यात पांढरी पूड पडायला लागते.

आता पेडल बॉक्स. ब्रेकला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर ठेवणार नाही, एवढ्या हलक्या गाडीला गरज नाही, पण मग पेडलचा लिव्हर पाचास एकच्या आसपास हवा आणि मास्टर सिलिंडर लहान बोअरचा, म्हणजे आतून कमी व्यासाचा. पुढे-मागे वेगळे दोन सिलिंडर आणि मधे जोर वाटून देणारा बॅलन्स बार, की दोन्हींचं काम एकात करणारा एकच टँडम सिलिंडर, हे अजून ठरत नाही. माझा कल दोन सिलिंडरकडे आहे. हलक्या गाडीत असं कुणी बसवलं असेल तर बोअरचे आकडे कळवा. लेथवाल्याकडे पुढचा नंबर लागलाय, त्याच्या आत ठरवायचं आहे.